बॅटरी बसते थंडीत, खचते मे महिन्यात

बुलढाणा जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गाडीने नुसतं टक-टक केलं, की सगळे थंडीला बोल लावतात. खरा घाव मे महिन्यातच बसलेला असतो. शिशाच्या बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त बाधतं. आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात, आणि तापमान १० अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येतं. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात पारा ४४ च्या आसपास जातो. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी वर. अशी खचलेली बॅटरी पावसाळा कसाबसा काढते आणि पहिल्या कडक थंडीत मान टाकते.

मग बॅटरी बसलेली गाडी चालू करून देणारा, हातात मावणारा तो जंप स्टार्टर घेऊन ठेवावा का? घ्यावा, पण प्रत्येकाने नाही. कुणी घ्यावा, ते ओघात येईलच.

घाटाखालची गाडी, घाटावरची सकाळ

आपल्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, तर मलकापूर त्याच्या निम्म्या उंचीवरही नाही. गाडी वर्षभर घाटाखाली तापते, लग्नसराईत राजूर घाट चढून बुलढाण्याला येते, रात्रभर पाहुण्यांच्या दारात उघड्यावर उभी राहते आणि पहाटे १० अंशांत तिला सेल्फ मारला जातो. २७ अंशांना बॅटरीची जी ताकद असते, तिचा जवळपास पाचवा हिस्सा १० अंशांना कमी होतो. शून्याला तिसरा हिस्सा जातो आणि उणे १८ ला निम्म्याहून अधिक. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागणार.

कॅनडात जंप स्टार्टर डिकीत का ठेवतात, ते यावरून कळतं. आपल्याकडे शून्य अंश येत नाही. निरोगी बॅटरीला बुलढाण्याची थंडी काहीच करू शकत नाही. जी बसते, ती आधीच म्हातारी झालेली असते. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी दिवाळीच्या सुमारास तपासून घेतली, तर पुढची बरीच धावपळ वाचते. गाडी रात्रभर बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली, आणि १२ च्या खाली गेली तर दुकान गाठा.

एका स्टार्टला वीज लागते चिमूटभर

ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपियर ओढतो, तोही दोन-तीन सेकंद. हिशेब केला तर एका स्टार्टला सव्वा वॉट-तासाच्या आसपास वीज लागते. तुमच्या खिशातल्या ५,००० एमएएचच्या मोबाइलमध्ये १९ वॉट-तास असतात, म्हणजे पंधरा वेळा गाडी चालू होईल इतकी वीज! पण मोबाइलची बॅटरी म्हणजे बारीक तोटीची टाकी: पाणी आहे, धार नाही. जंप स्टार्टरची सगळी करामत एवढीच, की त्यातले लिथियमचे सेल ती वीज एका दमात सोडतात.

उलटा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. दोन हेडलाइट मिळून ११० वॉट, म्हणजे ९ अँपियर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची. वरात बघायला उतरलात आणि दिवे चालू राहिले, तर चार तासांत बॅटरी पूर्ण रिकामी. गाडी चालू न व्हायला तर त्याच्या निम्मा वेळही पुरतो.

धक्का स्टार्टचे दिवस सरत आले

शिशाची बॅटरी १८५९ ची, गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची. विजेवर चालणारा सेल्फ मात्र त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. तोवर हँडल मारणं हाच मार्ग होता. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबेसिडर गाड्यांनी तो पुढेही बरीच वर्षं जिवंत ठेवला. त्यानंतरचा भरवशाचा उपाय म्हणजे चार माणसं, दुसरा गिअर आणि धक्का.

आता ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. गिअरची नवी गाडीही, बॅटरी पूर्ण बसली असेल तर, दाद देत नाही. कारण पेट्रोलचा पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर दोन्ही विजेवर चालतात. आणि राजूर घाटाच्या उतारावर तर हा प्रयोग करूच नका. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपलेली.

समृद्धी महामार्गाची गंमत आणखी वेगळी. मेहकर, सिंदखेड राजा भागातून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आधी नागपूर ते शिर्डी एवढाच ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे दुसरी बॅटरी मोटारसायकलवर बांधून धावत येणारा गावातला ओळखीचा मिस्त्री तिथे पोहोचूच शकत नाही.

बोथा घाटाचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. बिबटे आणि अस्वलं तर इथलीच. तिथे अंधारात खाली उतरून गाडी ढकलायची वेळ कुणावर येऊ नये.

डब्यावरच्या आकड्याला भुलू नका

जंप स्टार्टरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १,००० किंवा २,००० अँपियर लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. इंजिन फिरत असताना मिळणारा करंट बराच कमी असतो, आणि तोच आकडा आत बारीक अक्षरांत शोधायचा. छोट्या पेट्रोल गाडीला खरे २००-३०० अँपियर पुरतात. डिझेल बोलेरो किंवा स्कॉर्पिओला त्याहून पुष्कळ जास्त लागतात, कारण डिझेल इंजिनात दाब दुपटीच्या घरात असतो. त्याचे चिमटे बॅटरीला उलटे लागले तर यंत्र आपोआप थांबलं पाहिजे. ही सोय नसेल, तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

चिमटे लावण्याआधी बॅटरीच्या टोकांवर नजर टाका. बऱ्याचदा तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते आणि सगळा दोष तिचाच असतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने ती घासली, कोरडी केली, नट आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं, की कधी कधी गाडी तेवढ्यावरच चालू होते. नाही झाली, तर लाल चिमटा अधिकच्या टोकावर आणि काळा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर लावा. काळा बॅटरीवर लावू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच उडते. गाडी चालू झाल्यावर लगेच बंद न करता अर्धा-पाऊण तास चालवा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही ऐकावं: तुमच्या गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. मात्र इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी चालू करून द्यायला जाऊ नका.

तर घ्यायचा कुणी?

गाडी नवी, वापर खामगाव किंवा चिखलीच्या हद्दीत, मिस्त्री हाकेच्या अंतरावर: दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेणाऱ्या पाचशे-हजाराच्या केबल पुरेत. गाडी ऑटोमॅटिक, जुनं डिझेल, मळ्यातलं घर, रात्रीअपरात्री घाटातला प्रवास, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं: तीन ते आठ हजारांचा जंप स्टार्टर जरूर घ्या. बॅटरीच म्हातारी असेल, तर आधी ती बदला. त्याच पैशांत बहुधा नवी येते.

आणि घेतलात, तर तो एप्रिल ते जून गाडीत ठेवू नका. उन्हात बंद गाडी आतून ६० अंशांपर्यंत तापू शकते आणि लिथियमला ते धोक्याचं आहे. उन्हाळ्यात तो घरात, कपाटात ठेवा, दर तीन महिन्यांनी चार्ज करा आणि दिवाळीनंतर डिकीत टाका. मलकापूर-नांदुरा-खामगावच्या राष्ट्रीय महामार्गावर अडकलात, तर १०३३ हा मदतीचा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवा.