कन्सोलचा व्हीआर हेडसेट: गेम भारी, मग घेणारे कमी का?

यूट्यूबवर प्लेस्टेशन व्हीआर 2 चे व्हिडिओ पाहिले की कोणालाही वाटतं, हे आपल्याकडे पाहिजेच. पण रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात सोडा, जिथे घरोघरी कन्सोल आहेत तिथेही हा हेडसेट फार लोक घेत नाहीत. असं का होतं, ते समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

सोनीने पहिला प्लेस्टेशन व्हीआर ऑक्टोबर 2016 मध्ये आणला. 2019 संपेपर्यंत त्याचे 50 लाखांहून जास्त नग विकले गेले. आकडा मोठा वाटतो ना? पण तोपर्यंत पीएस 4 विकले गेले होते 10 कोटी 60 लाखांच्या आसपास. म्हणजे 100 कन्सोलमागे जेमतेम 5 हेडसेट!

त्याआधी 1995 मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय आणला होता. त्यात फक्त लाल रंगाचं चित्र दिसायचं. तो वर्षभरातच गुंडाळावा लागला.

अडतं कुठे?

1. किंमत: व्हीआर 2 फेब्रुवारी 2023 मध्ये 550 डॉलरला आला. तेव्हा डिस्कवाला पीएस 5 च 500 डॉलरचा होता. म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग! मार्च 2025 मध्ये सोनीने किंमत 400 डॉलरवर आणली.

2. गेम: हेडसेट कमी, म्हणून कंपन्या गेम कमी बनवतात. गेम कमी, म्हणून लोक हेडसेट घेत नाहीत. त्यात पहिल्या व्हीआरचे गेम दुसऱ्यावर थेट चालत नाहीत.

3. शरीर: गेममध्ये गाडी धावते, डोळे म्हणतात आपण पळतोय. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, आपण तर खुर्चीत बसलोय. या गोंधळात काहींना गरगरतं, मळमळतं.

मग फोनवाला व्हीआर?

2023 च्या आयपीएलच्या वेळी जिओने 1,299 रुपयांत जिओडाइव्ह आणला. त्यात आपलाच फोन बसवायचा आणि भिंगातून मॅच बघायची. स्वस्त आहे, पण फरक समजून घ्या. फोनवाल्या व्हीआरमध्ये मान वळवली की चित्र वळतं, एवढंच. पाऊल पुढे टाकलं तर फोनला ते कळत नाही. व्हीआर 2 मध्ये चार कॅमेरे खोलीतली तुमची जागा ओळखतात, शिवाय तुमची नजर कुठे आहे हेही हेडसेटला कळतं. जिथे बघताय तेवढंच चित्र एकदम स्पष्ट काढायचं, बाकी थोडं कमी. त्यामुळे कन्सोलवरचा ताण वाचतो.

प्रेक्षक मिळेल का?

माझं मत: मिळेल, पण छोटाच. ग्रॅन टुरिस्मो 7 सारखे रेसिंग गेम जीव लावून खेळणाऱ्यांसाठी हे भारी आहे. सोनीने ऑगस्ट 2024 मध्ये व्हीआर 2 पीसीला जोडायचा अडॅप्टर काढला, म्हणजे नुसत्या कन्सोलवाल्यांच्या भरवशावर भागत नाही असाच त्याचा अर्थ. शिवाय मेटा क्वेस्टसारख्या हेडसेटला कन्सोल लागतच नाही.

तुम्ही काय करावं?

कन्सोल नसेल तर फक्त व्हीआरसाठी दोन्ही घेऊ नका. तेवढ्या पैशात चांगला लॅपटॉप येतो आणि तो कॉलेजलाही कामी पडतो. नागपूर-पुण्याला गेलात तर एखाद्या गेमिंग झोनमध्ये दहा मिनिटं व्हीआर खेळून बघा. गरगरलं नाही आणि घरी आल्यावरही त्याचीच आठवण येत राहिली, तरच पुढचा विचार करा. फोनवाला घेणार असाल, तर आधी फोनमध्ये जायरोस्कोप आहे का ते तपासा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो, आणि तो नसेल तर मान वळवून काही उपयोग नाही.