चालत्या संगणकाची नोंदवही

संगणक विकत घेऊन त्यात ऑपरेटिंग सिस्टिम बसवली की काम संपले, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक पाहता देखरेखीचे काम तेथूनच सुरू होते. कोणी नवा प्रोग्रॅम बसवतो, कोणी प्रिंटर जोडतो, तर कोणी अडचण आली म्हणून फायरवॉल तात्पुरती बंद करतो आणि ती पुन्हा सुरू करावयाची राहून जाते. अशा रीतीने एकाच दिवशी एकसारखे बसवलेले दहा संगणक वर्षभरात दहा तऱ्हांचे होतात. या नकळत होणाऱ्या फारकतीला तंत्रज्ञ ‘कॉन्फिगरेशन ड्रिफ्ट’ म्हणतात.

संगणकांतील असा फरक किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण नाईट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाली कंपनीत घडले. तिच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम बसवला गेला. आठव्यावर जुनाच राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच, २००३ पासून न वापरलेला जुन्या प्रोग्रॅमचा एक भाग जागा झाला व भराभर सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. दोष नेमका कोठे आहे हे न उमगल्याने नीट चालणाऱ्या सात सर्व्हरांवरूनही नवा प्रोग्रॅम काढण्यात आला आणि संकट अधिकच वाढले. आठही यंत्रे ताडून पाहण्याची लेखी पद्धत तेथे नव्हती.

हे टाळावे कसे? लिनक्समध्ये बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असतात. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तयार केलेल्या ‘गिट’मध्ये त्या ठेवल्यास कोणती ओळ केव्हा बदलली, हे पाहता येते. १९९२ मधील ‘ट्रिपवायर’ हा प्रोग्रॅम प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवतो व ठसा जुळला नाही की सूचना देतो. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात रचलेला ‘सीएफइंजिन’ याही पुढे जातो. संगणक कसा असावा हे त्याला लिहून द्यावयाचे. फरक दिसताच तो स्वतः दुरुस्ती करतो.

येथे एक बाब विसरता कामा नये. फाइलमध्ये लिहिलेले आणि चालत्या संगणकाच्या स्मृतीत असलेले सेटिंग एकच असेल, असे नाही. केवळ स्मृतीत केलेला बदल संगणक बंद होताच पुसला जातो. उलट फाइलमधील बदल कित्येकदा पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो. म्हणून तपासणी दोन्हींची हवी.

शाळा, पतपेढी किंवा लहान कार्यालय यांना मोठी साधने लागतीलच असे नाही. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ संगणकाची माहिती फाइलमध्ये उतरवून देते. ती दरमहा जतन करावी व मागील महिन्याच्या फाइलशी ताडून पाहावी. सोबत एक साधी वही ठेवावी: तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले. पासवर्ड मात्र तीत लिहू नयेत. संगणक सांभाळणारी व्यक्ती उद्या बदलली, तरी तिच्या जागी येणाऱ्याला ही वही वाट दाखवील, असे आम्हांस वाटते.