पहिलटकरणीचे पहिले तीन दिवस

प्रसूती विभागाच्या जमाखर्चात काही गोष्टी दिसत नाहीत. खाटा, औषधे, उपकरणे यांचे आकडे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. परंतु बाळंतिणीच्या उशाशी बसून परिचारिका जो अर्धा तास घालविते, त्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. म्हणून त्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

चिखली व आसपासच्या खेड्यांतील मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. प्रसूती सुखरूप होते. दुसऱ्या रात्री बाळ सारखे रडू लागते आणि आजीबाई निदान करतात, "पोरीला दूधच नाही." मग कोणी मध चाटवू पाहते, कोणी गुटी उगाळते, तर बाळाचे वडील दुधाच्या भुकटीचा डबा व बाटली घेऊन येतात. हेतू मायेचाच असतो; अडचण तेथूनच सुरू होते.

वास्तविक दूध भरून येण्यास बहुधा तिसरा-चौथा दिवस उजाडतो. तोपर्यंत येणारा घट्ट, पिवळसर चीक हेच बाळाचे अन्न होय. पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते, त्यामुळे तो थोडा असला तरी पुरतो. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये व 'अ' जीवनसत्त्व विपुल असते. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजावा, हे आपल्या शेतकरी बांधवांस कोणी शिकवावे लागत नाही. त्याच घरात आईचा चीक मात्र 'बाळाला जड' म्हणून पिळून टाकला जातो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरले की बाळ कमी ओढते, दूध कमी उतरते आणि आजीबाईंचे निदान खरे ठरते! काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातही बाळ रडले की वरचे दूध देण्याची घाई होत असे, हे कबूल केले पाहिजे.

आता जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला आईच्या छातीशी दिले जाते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास आईची प्रकृती स्थिर होताच, कुशीवर निजवून पाजण्यास साहाय्य केले जाते. परिचारिका मुख्यतः एकच गोष्ट पाहते. बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतला आहे का? तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला व हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पाजताना वेदना होत राहिल्यास बाळाची पकड चुकलेली असते. करंगळीने हळूच सोडवून पुन्हा लावावे. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण पान्हा वाढण्यास तेच विशेष उपयोगी पडते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, तर चिंता नसावी. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते व साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. मात्र बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. क्वचित वरचे दूध आवश्यक असते. तो निर्णय डॉक्टरांचा असतो. सहा महिन्यांपर्यंत, डॉक्टरांनी दिलेली औषधे वगळता, दुसरे काहीही देऊ नये. वऱ्हाडच्या वैशाखातसुद्धा पाणी नको. मध तर वर्षभर वर्ज्य समजावा.

या कार्याशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. स्तनपानाचा पुरस्कार करणाऱ्या 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' या संस्थेची स्थापना 1991 मध्ये आपल्या विदर्भातीलच वर्धा येथे झाली. पुढील वर्षी, 1992 मध्ये, शिशुदुग्धपर्यायांचा कायदा संमत झाला व 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

या कायद्याचा संबंध आमच्या देणगीदारांशीही येतो. अनेक सज्जन नातवाच्या वाढदिवसानिमित्त दुधाचे डबे व बाटल्या देऊ इच्छितात. अनाथालय वगळता अशी देणगी देण्यास कायद्याने मनाई असल्याने आम्हांस ती साभार परत करावी लागते. काही जण रागावतात, हेही खरे. विभागाला पाठ टेकून बसता येईल अशा खुर्च्या, खाटांभोवती पडदे आणि रात्रपाळीसाठी आणखी एक परिचारिका यांची गरज आहे. त्यांचा अपेक्षित खर्च कार्यालयात पाहावयास मिळेल.