फ्लामर्सफेल्ड : एका जर्मन खेड्याची हकीकत

जर्मनीच्या नकाशांत फ्लामर्सफेल्ड हें नांव शोधूं गेल्यास भिंगच हातीं घ्यावें लागेल. तेथें किल्ला नाहीं, मोठी पेठ नाहीं. तथापि आपल्याकडील सहकारी पतपेढीचें मूळ ज्या थोड्या खेड्यांत सांपडतें, त्यांपैकीं हें एक असल्यामुळें त्याची माहिती वाचकांस सादर करीत आहों.

ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उत्तरेच्या अंगास झीग नदी वाहते. दक्षिणेकडून वीड नदी वळणें घेत नॉयवीडपाशीं ऱ्हाईनला मिळते. या दोहोंमधील उंचवट्यावर हें खेडें वसलें आहे. जमीन पाटीच्या दगडाची, उथळ व थंड. वारा बोचरा, हिंवाळा लांब. राय, ओट व बटाटा हींच पूर्वीं गरिबाचीं पिकें. बापाची जमीन सर्व मुलांत वांटण्याची रीत असल्यानें पिढ्यानुपिढ्या तुकडे पडत गेले. हें दुखणें आपणांस परकें नाहीं!

1815 सालीं हा मुलूख प्रशियाच्या अंमलाखालीं गेला. 1845 सालीं जवळच्या वेयरबुश गांवीं फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन हा तिशीही न गाठलेला गृहस्थ मेयर म्हणून आला. हाम येथें जन्मलेला हा तरुण डोळ्यांच्या विकारामुळें सैन्याची नोकरी सोडून मुलकी खात्यांत शिरला होता. पुढच्याच वर्षीं पीक बुडालें, बटाट्यावर रोग पडला, आणि 1846–47 चा हिंवाळा उपासमारीचा गेला. सरकारी पीठ आलें तें रोख पैसे घेऊनच द्यावें अशा हुकुमासह. ज्याच्याजवळ पैसा आहे तो उपाशी कशाला राहील? राइफायझननें तें उधारीवर वांटलें. सधन लोकांकडून निधि जमवून धान्य आणविलें, गांवची भट्टी बांधली आणि निम्म्या किंमतीच्या आसपास पाव विकला. वसंत ऋतूंत बियाण्याचे बटाटेही त्याच मंडळानें पुरविले.

1848 सालीं तो फ्लामर्सफेल्डला बदलून आला. येथें त्याला दुसरेंच संकट दिसलें. गुरांचा व्यापारी शेतकऱ्याच्या गोठ्यांत गाय बांधी. चारा-पाणी शेतकऱ्याचें, मालकी व्यापाऱ्याची. मनास येईल तेव्हां तो जनावर सोडून नेई, आणि कर्ज मात्र फुगत जाई. 1 डिसेंबर 1849 रोजीं राइफायझननें गरीब शेतकऱ्यांसाठीं साहाय्यक मंडळ स्थापिलें. सुमारें 60 सधन गृहस्थांनीं आपली सर्व मालमत्ता जामीन ठेवून एकत्रित जबाबदारी पतकरली. त्या पतीवर कर्ज काढून मंडळानें गाई घेतल्या व पांच वर्षांच्या हप्त्यांनीं शेतकऱ्यांस दिल्या. पुढें शेतकऱ्यास रोख रक्कमच देऊं लागले, कारण आपली गाय पारखावयास तोच अधिक लायक. हा बदल लहान दिसतो, परंतु आमच्या मतें त्यांत शेतकऱ्यावरील विश्वासाचा प्रश्न होता.

या मंडळांत एक उणीव होती : देणारे एक व घेणारे दुसरे. 1852 नंतर राइफायझन नॉयवीडजवळील हेडेस्डोर्फ येथें गेला, तेथेंही प्रथम हाच प्रकार झाला आणि कांहीं वर्षांत धनिकांचा उत्साह ओसरला. तेव्हां 1864 सालीं त्यानें नवी पेढी काढली; कर्ज हवें त्यानें सभासद व्हावें व जबाबदारी सर्वांची समान. क्षेत्र एका गांवाइतकेंच, म्हणजे कोणाचें शेत कसें व व्यसन काय हें सर्वांस ठाऊक. कर्ज बुडालें तर शेजाऱ्याच्या घरावर येणार, म्हणून तें कशाकरितां हवें याची चौकशी कसून होई. नफा वांटावयाचा नाहीं, गंगाजळींत ठेवावयाचा.

1866 सालीं त्यानें या अनुभवावर पुस्तक लिहिलें. त्या वेळीं त्याची दृष्टि फारच मंदावली होती; पुढें लेखनाचें काम मुलगी अमाली हिच्या हातानें चाले. 1888 सालीं तो हेडेस्डोर्फ येथें वारला.

आपल्या इकडे मे 1875 मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे खत-दस्तऐवज जाळले. कायदे झाले, पण शेतकऱ्यास स्वस्त पैसा कोठून मिळावा हा प्रश्न उरलाच. मद्रास सरकारनें निकल्सन यांस युरोपांतील पेढ्यांचा अभ्यास करावयास नेमिलें. त्यांच्या अहवालांतून राइफायझनची पद्धति पुढें आली, आणि 1904 च्या कायद्यानें ग्रामीण संस्थांस अमर्यादित जबाबदारीचें तेंच तत्त्व लागू केलें. मुंबई इलाख्यांत 1905 सालीं धारवाड जिल्ह्यांतील कणगिनहाळ येथें पहिली अशी संस्था निघाली.

फ्लामर्सफेल्डमधील ज्या लांकडी चौकटीच्या घरांत मेयर राहत असे, तें आज संग्रहालय आहे. वेयरबुशकडून या गांवावरून ऱ्हाईनकडे जाणारा रस्ताही त्याच्याच खटपटीचा. डोंगरावरचा माल बाजारांत पोंचावा म्हणून तो बांधविला होता. आज त्या मार्गास राइफायझनचें नांव आहे.