बदकांचा खर्च कोण उचलतो?

(पिंप्राळा, जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला जरा उफराटा वाटेल. जगात एक देश असा आहे, जिथे बदकं मारणाऱ्या माणसांच्या पैशातून बदकांची तळी वाचली. हे कसं घडलं ते आम्ही आधी सांगू. मग विचारू, की शिकारीला पूर्ण बंदी असलेल्या आपल्या मुलखात त्याच तळ्यांचा खर्च कोण उचलतो? पहिला भाग माहितीचा, दुसरा विचाराचा. दुसऱ्यासाठीच पहिला सांगतोय, एवढं ध्यानात असू द्या.

सुरुवात घरापासून करू. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला हतनूरचं धरण आहे. दर हिवाळ्यात या जलाशयावर उत्तरेकडून पाणपक्षी उतरतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब हंस. आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. आपल्या पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो. हा वारकरी मात्र कार्तिकी उलटल्यावर थव्याथव्यानं दिसायला लागतो.

या बदकांना काय लागतं? नुसतं पाणी नाही. थापट्या किंवा तलवार बदक खोल पाण्यात पोट भरू शकत नाही. त्याला फूट-दीड फूट पाणी लागतं, तळाशी चिखल, त्यात किडे, बिया, पाणवनस्पती. म्हणून धरणात गाळ साठला की इंजिनियर म्हणतो, साठवण घटली. बदक म्हणतं, घर झालं. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर असंच घडलं. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, उथळ बेटं तयार झाली, पक्षी आले, 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही तेच ठरलं.

आता अशी उथळ जागा राखायची, तर कुणाला तरी पैसे मोजावे लागतात. जमीन अडते, पाणी अडतं, पहारा लागतो. फुकट काही होत नाही, बरं का.

आता अमेरिकेकडे जाऊ. 1929 मध्ये तिथे कायदा झाला, की स्थलांतरित पक्ष्यांसाठी सरकारनं पाणथळ जमिनी विकत घ्याव्यात. कायदा चांगला होता, पण नियमित पैशाची सोय नव्हती. त्यातच मोठा दुष्काळ पडला, तळी आटली, बदकं झपाट्यानं कमी झाली. शिकारी अस्वस्थ झाले. प्रेमानं म्हणा की स्वार्थानं म्हणा, बदक संपलं तर त्यांचा छंद संपणार होता.

1934 मध्ये मग एक तिकीट निघालं. लोक त्याला सरळ ‘डक स्टॅम्प’ म्हणतात. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्यानं ते पोस्टातून विकत घ्यायचं आणि त्यावर आडवी सही करायची. नाही घेतलं, तर शिकार बेकायदा. पहिल्या तिकिटाचं चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं. तोच तेव्हा वन्यजीव खात्याचा प्रमुखही होता. किंमत होती एक डॉलर. आज ती 25 डॉलर आहे.

इथली खरी गंमत किमतीत नाही, हिशोबात आहे. हे पैसे सरकारच्या मोठ्या तिजोरीत मिसळत नाहीत. त्यांचा निधी वेगळा असतो, आणि डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा मिळवण्यासाठी जातात. काही जमीन विकत घेतात. काही ठिकाणी शेतकऱ्याशी करार करतात: जमीन तुझीच राहील, पण पाणी उपसून ही जागा कोरडी करायची नाही, त्याबद्दल हे पैसे घे. या वाटेनं आजवर 60 लाख एकरांहून अधिक जागा राखली गेली.

तीन वर्षांनी, 1937 मध्ये, दुसरी तजवीज झाली. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर कर होता. तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा असं ठरलं. अट एकच: राज्यानं शिकार परवान्याची फी दुसरीकडे वळवायची नाही. वळवली, तर हा वाटा बंद. आपल्या वरणगावलाही काडतुसांचा कारखाना आहे, हतनूरच्या अगदी जवळ. पण तो सैन्यासाठी आहे. त्या काडतुसाचा आणि बदकाचा आपल्याकडे काही संबंध नाही. तिकडे तो कायद्यानंच जोडला गेला.

त्याच 1937 साली ‘डक्स अनलिमिटेड’ ही शिकाऱ्यांची संस्था निघाली. ती कॅनडात काम करू लागली, कारण अमेरिकेत दिसणारी पुष्कळ बदकं कॅनडातल्या गवताळ प्रदेशातल्या तळ्यांवर जन्मतात. म्हणजे पक्षी सरहद्द ओलांडतो, तर पैसाही ओलांडला.

याचा उपयोग झाला का? 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 1970 पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ 300 कोटी पक्षी कमी झाले, असं त्यात निघालं. शेतातले, गवताळ रानातले, सगळे घटले. पण बदकं-हंसांचा गट मात्र सुमारे 56 टक्क्यांनी वाढला. ज्याच्यासाठी पैसा मोजणारा माणूस उभा होता, तो गट तगला. बाकीच्यांसाठी तसा कुणी नव्हता.

चित्र सगळंच गोड नाही. शिकाऱ्यांनी उडवलेले शिशाचे छर्रे तळाशी पडत, बदकं ते खडे समजून गिळत आणि विषबाधेनं मरत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी यायला 1991 साल उजाडलं. शिवाय तिकडे शिकाऱ्यांची संख्या घटते आहे. एकाच गिऱ्हाइकावर चाललेलं दुकान आहे ते.

आता आपल्याकडे वळू. शिकारी आणि पाणथळ यांचं नातं आपल्याकडेही होतं. राजस्थानातलं भरतपूर आठवा. तिथल्या महाराजांनी शिकारीसाठी बांध घालून पाणी खेळवलं. 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण पाणी तिथे शिकारीसाठीच राखलं होतं, आणि तीच जागा पुढे जगातलं नामांकित पक्षी-उद्यान झाली, हेही खरं.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीनं ती काढली आणि परवान्याची शिकार संपली. जोवर परवाने होते, तोवर त्यांची फी घेतली जाई. पण ती पाणथळींसाठीच राखणारा वेगळा निधी त्या कायद्यानं उभा केला नव्हता. अमेरिकेत शिकाऱ्याच्या हातून पैसा घेऊन तळ्यात टाकणारा पाट होता. आपल्याकडे तो पाट कधी खणलाच नाही.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. मारणाऱ्याच्या पैशानं जीव वाचवायचे, हे कसलं पुण्य?

जैन विचारात हिंसेचे प्रकार सांगितलेत, ते इथे फार कामाला येतात. मारायचंच म्हणून ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा. घरकामात, चूल पेटवताना, झाडताना होते ती आरंभी. शेती, व्यापार, उद्योग करताना होते ती उद्योगी. स्वतःच्या बचावात होते ती विरोधी. शिकार ही उघड संकल्पी हिंसा आहे. तिला श्रावकानं पहिल्यांदा सोडायचं असतं. त्यात आमचा कुणाशी वाद नाही.

पण तळं बुजवून प्लॉट पाडले, तर? गाळपेरीच्या जमिनीवर मारलेलं औषध पाण्यात उतरलं, तर? नेमक्या हिवाळ्यात जलाशयाची पातळी भर्रकन खाली नेली, तर? बंदूक कुणी उचलली नाही, बदकाचं नाव कुणाच्या मनातही नव्हतं. तरी पुढच्या वर्षी थवा आला नाही. ही उद्योगी हिंसा. ती आवाज करत नाही आणि तिला आरोपी नसतो.

आमचा मुद्दा एवढाच आहे. आपण कायद्यानं संकल्पी हिंसा थांबवली आणि ते योग्यच केलं. पण त्या समाधानात आपण उद्योगी हिंसेचा हिशोब मांडायचं विसरलो. अमेरिकन शिकाऱ्यानं उलट केलं. त्यानं पहिली चालू ठेवली आणि दुसरीला आवर घालायला पैसे मोजले. आपल्याला त्याची बंदूक नको. त्याची पावती मात्र घ्यायला हवी.

पावती का? गल्लीतल्या गणपतीला अकरा रुपये दिलेला माणूससुद्धा हिशोब विचारतो. वर्गणी दिली की माणूस मालकीनं बोलतो. नुसती बंदी असली की माणूस बाजूला होतो आणि म्हणतो, सरकार बघेल.

आणि माणूस बाजूला काढला की रान आपोआप वाचतं, असंही नाही. भरतपूरलाच 1982 मध्ये गुरं चारायला बंदी झाली. संघर्ष झाला, गोळीबारात माणसं दगावली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी गेल्यावर गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. वापरणाऱ्याला हाकलणं सोपं असतं. त्याला राखणदार करणं अवघड.

मग हतनूरचे वापरणारे कोण? पाण्यावर उभे असलेले कारखाने, वीजनिर्मिती, नळाचं पाणी घेणारी गावं, केळीचे बागायतदार, मच्छीमार, गाळपेर करणारे, आणि सुट्टीत दुर्बीण घेऊन जाणारे आपण. पाणीपट्टी यातले कितीतरी जण भरतातच. त्यातला छोटा ठरीव हिस्सा त्याच जलाशयाच्या उथळ काठासाठी वेगळा राखता येईल. मोठ्या वापरणाऱ्यानं जास्त, लहान्यानं कमी. गाळपेर करणाऱ्याकडून तर काही घ्यायचंच नाही; काठाची एक पट्टी त्यानं फवारणीशिवाय सोडली, तर उलट त्यालाच मोबदला द्यायचा, अमेरिकेतल्या त्या करारासारखा. मच्छीमाराला राखणीचं काम द्यायचं, कारण रोज पहाटे पाण्यावर तोच असतो. आणि खर्चाचा कागद दरवर्षी गावाच्या चावडीवर लागला पाहिजे. त्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा देणार नाही.

कान्टला विचारलं, तर तो हेतूची शुद्धता बघेल. मिलला विचारलं, तर तो परिणाम बघेल. बदकाला विचारलं, तर ते फक्त पाण्याची खोली बघेल. या हिवाळ्यात हतनूरला जाल, तेव्हा थवे जरूर मोजा. आणि येताना पाटबंधारे खात्याच्या कचेरीत एवढं विचारून या, की काठावरचं उथळ पाणी हिवाळाभर टिकवायचं काम नेमकं कुणाच्या नावावर आहे, आणि त्याला पैसे कुठून येतात.