कापलेला शेवट

गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, मागचा एका पोराला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. २०१८ साली ही चित्रफीत भारतभर फिरली. सोबत मजकूर असायचा : आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी उतरलीय.

फीत होती कराचीची. रोशनी हेल्पलाइन या संस्थेनं पालकांना सावध करायला ती मुद्दाम चित्रित केली होती. तिच्यात पुढे तीच मोटरसायकल परत येते, पोराला उतरवते आणि फलक दाखवला जातो : मूल पळवायला क्षण पुरतो. कुणीतरी नेमका हाच शेवट कापला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत तिथं आले. मुलं पळवणाऱ्यांची अफवा त्यांच्या आधीच पोचली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्यानं वेग कमी होतो, खोटं खरं होत नाही. तपासणी आपल्यालाच करायची आहे आणि ती अवघड नाही. व्हिडिओ थांबवा, स्पष्ट दिसणाऱ्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये टाका. तेच दृश्य जुन्या तारखेला, दुसऱ्या देशात सापडलं तर प्रश्न मिटला. काहीच सापडलं नाही, म्हणून मात्र ते खरं ठरत नाही. मग दुकानांच्या पाट्या वाचा, गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, आवाज वाढवून माणसं कोणती भाषा बोलतायत ते ऐका. आणि पाठवणाऱ्याला विचाराच, ‘याच्या पुढचं कुठंय?’

एवढं करून व्हिडिओ खरा निघाला, तरी माझ्या मते तो पुढे ढकलायची परवानगी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. समोरच्याच्या वेदनेचं चित्रण हातात आलं की तो हक्क आपण सहज विसरतो.

राईनपाड्यातली मारहाणही मोबाइलवर चित्रित झाली आणि पसरली. ती फीत अस्सल होती. गयावया करणारी ती माणसं कुणाचे तरी वडील, भाऊ, मुलगा होती, आणि पुढे पाठवताना ती फीत मंगळवेढ्यातल्या कुणाच्या हातात जाऊन पडेल, हे पाठवणाऱ्यांनी पाहिलं नव्हतं.