व्हिएतनामच्या वेळी, व्हिएतनाममध्ये



निवडणुका जवळ आल्या की इथल्या उमेदवारांच्या जाहिरातींत एक फोटो हमखास दिसतो. विशीतला पोरगा, केस बारीक कापलेले, अंगात गणवेश, मागे झेंडा. फोटो बहुतेक वेळा अस्सल असतो. भानगड होते ती फोटोखालच्या मजकुरात.

कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या मंडळींना रिचर्ड ब्लूमेंथाल हे नाव सांगायला नको. हार्वर्डचा पदवीधर, १९९१ पासून राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, २०१० मध्ये सेनेटसाठी उभा. त्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने त्याची जुनी भाषणं उकरून काढली. २००८ मध्ये नॉरवॉकला एका समारंभात तो म्हणाला होता, की मी व्हिएतनाममध्ये सेवा केली त्या दिवसांपासून आपण बरंच काही शिकलो आहोत. प्रत्यक्षात स्वारी व्हिएतनामला कधी गेलीच नव्हती. १९६५ ते १९७० या काळात त्याने सक्तीची भरती निदान पाच वेळा पुढे ढकलून घेतली. १९७० मध्ये तो मरीन्सच्या राखीव दलात दाखल झाला आणि वॉशिंग्टनच्या एका तुकडीत पडला. या तुकडीच्या कामांत नाताळात गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करणं हेही एक होतं.

खेळणी गोळा करणं हे चांगलं काम आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. सहा वर्षं राखीव दलात असणं हेही खोटं नव्हतं. ब्लूमेंथालने इतर अनेक भाषणांत अगदी अचूक शब्द वापरलेले आहेत: मी व्हिएतनामच्या काळात सैन्यात होतो. म्हणजे 'व्हिएतनामच्या वेळी'. काही सभांत त्याचं झालं 'व्हिएतनाममध्ये'. इंग्रजीत तर नुसतं एक शब्दयोगी अव्यय बदललं, 'ड्युरिंग'च्या जागी 'इन' आलं. आठ-दहा हजार मैलांचं अंतर त्या दोन अक्षरांनी कापलं.

बातमीच्या दुसऱ्या दिवशी वेस्ट हार्टफर्डच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, आजूबाजूला माजी मरीन्स उभे करून, त्याने खुलासा केला की काही वेळा बोलण्यात शब्द चुकीचे गेले, त्याची जबाबदारी माझी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो वकील नाही. वकिलाच्या तोंडून शब्द चुकीचा जातो तेव्हा तो नेहमी स्वतःच्या फायद्याच्याच बाजूला कसा जातो, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. असो. नोव्हेंबरमध्ये तो निवडून आला, २०१६ आणि २०२२ मध्ये पुन्हा आला.

व्याकरणाचा बचाव पुढे आणखी एकाने केला. मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे होते. नॅशनल गार्डमध्ये चोवीस वर्षं, ही थोडीथोडकी नोकरी नव्हे. पण २०१८ मध्ये बंदूक-नियंत्रणावर बोलताना ते बोलून गेले होते की युद्धात मी बाळगलेली शस्त्रं युद्धातच राहायला हवीत. त्यांची तुकडी २००३ मध्ये गेली होती इटलीला, अफगाणिस्तानच्या मोहिमेला पाठबळ म्हणून. गोळीबार कुठेच नाही. ते निवृत्त झाले २००५ मध्ये, काँग्रेसची निवडणूक लढवण्यासाठी. नंतर त्यांची बटालियन इराकला गेली आणि काही जुन्या सहकाऱ्यांच्या मनात ते कायमचं सलत राहिलं. शिवाय हुद्द्याची भानगड वेगळीच. कमांड सार्जंट मेजर या पदावर त्यांनी काम केलं होतं, पण त्यासाठी लागणारा अभ्यासक्रम पुरा न केल्यामुळे कागदोपत्री निवृत्ती झाली ती मास्टर सार्जंट म्हणून. प्रचारात मात्र बराच काळ मोठा हुद्दाच मिरवला गेला. मुलाखतीत विचारलं तेव्हा त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या बायकोचा दाखला दिला: ती म्हणते माझं व्याकरण नेहमीच बरोबर नसतं.

समोरचे जे. डी. व्हान्स माजी मरीन, इराकला जाऊन आलेले. त्यांनी लगेच 'चोरलेलं शौर्य' असा आरोप ठोकला. पण व्हान्स तिथे होते सैन्याच्या वार्ताहर विभागात, म्हणून त्यांनाही उलट टोमणे बसले. दोन आठवडे टीव्हीवर दोन माजी सैनिकांची मापं काढणं चालू होतं. आणि मापं काढणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नसावी (अस्मादिकांसकट).

तरी या सगळ्यात मला सर्वात जास्त चटका लावणारी गोष्ट जुनी आहे. यूटा राज्यातून १९५२ मध्ये डग्लस स्ट्रिंगफेलो नावाचा तरुण काँग्रेसवर निवडून आला. चर्चमधून, क्लबांतून तो आपली युद्धकथा सांगायचा. मी सीआयएच्या आधीच्या हेरखात्यात, ओएसएसमध्ये होतो, जर्मन सैन्यामागे उतरून ऑटो हान या अणुशास्त्रज्ञाला पळवून आणण्याच्या मोहिमेवर गेलो, पकडलो गेलो, छळ सोसला, त्यातून पाय गेले. लोक रडायचे. १९५४ च्या सुरुवातीला 'धिस इज युअर लाइफ' या टीव्ही कार्यक्रमात त्याचं आयुष्य साऱ्या देशाला दाखवण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मतदानाला काही आठवडे उरलेले असताना, त्याला पुन्हा टीव्हीवर यावं लागलं आणि हे सगळं रचलेलं होतं अशी कबुली द्यावी लागली. पक्षाने ऐनवेळी उमेदवार बदलला.

खरं काय होतं? १९४४ मध्ये फ्रान्समध्ये सुरुंगाचा स्फोट होऊन तो गंभीर जखमी झाला होता. पायाचं दुखणं खरंच होतं, काठी घेऊन चालणं खरंच होतं. एखाद्याला आयुष्यभर पुरेल एवढी हकीकत त्याच्यापाशी होती. ती त्याला कमी वाटली. आणि ऑटो हानची भाकडकथा उघडी पडल्यावर सुरुंगाची खरी गोष्ट कोण ऐकणार? ती पण तिच्याबरोबर बुडाली. १९६६ मध्ये तो वारला, वय ४४.

अगदीच काही नसताना सगळं उभं करणारे भामटेही असतात, पण सार्वजनिक जीवनात ते कमी. बहुतेकांची मूठ रिकामी नसते, तिच्यात थोडं का होईना खरं नाणं असतं. ते दाखवण्याऐवजी माणूस मुठीत रुपया असल्याचं सांगतो. सेनेटर जोसेफ मॅकार्थी पॅसिफिकमध्ये मरीन्सचा गुप्तवार्ता अधिकारी होता आणि डझनभर उड्डाणांत बाँबफेकी विमानाच्या मागच्या सीटवर बसलाही होता. प्रचारात तो 'टेल गनर जो' झाला, उड्डाणांची बत्तीस झाली, आणि जहाजावरच्या दंगामस्तीत मोडलेला पाय युद्धातली जखम ठरला. लिंडन जॉन्सन १९४२ मध्ये न्यू गिनीला एकाच हवाई मोहिमेत निरीक्षक म्हणून बसले, त्यावर जनरल मॅकआर्थरने त्यांना सिल्व्हर स्टार दिला. विमान चालवणाऱ्यांना काही नाही. जॉन्सननी ती पिन जन्मभर कोटावर लावली.

२०१० मध्येच इलिनॉयचे मार्क कर्क यांची चरित्रपुस्तिका तपासली गेली. हे नौदलाच्या राखीव दलातले गुप्तवार्ता अधिकारी, काम चांगलं. 'वर्षातील सर्वोत्तम गुप्तवार्ता अधिकारी' असा किताब मिळाल्याचं ते सांगत. तो पुरस्कार होता त्यांच्या अख्ख्या तुकडीला. तरीही ते ओबामांच्या जुन्या जागेवर सेनेटर झाले. सहा वर्षांनी समोर उभ्या राहिल्या टॅमी डकवर्थ. २००४ मध्ये इराकमध्ये हेलिकॉप्टरवर रॉकेट आदळून या बाईंचे दोन्ही पाय गेलेले. वादविवादात त्या म्हणाल्या, माझ्या घराण्यातले लोक अमेरिकन राज्यक्रांतीपासून सैन्यात आहेत. कर्कसाहेब उत्तरले की तुमचे आईवडील जॉर्ज वॉशिंग्टनची सेवा करायला थायलंडहून आले होते, हे मी विसरलोच होतो. डकवर्थ यांची आई थाई, वडील अमेरिकन, माजी मरीन. आपल्यासारख्या चेहऱ्यांच्या लोकांनी हे वाक्य नीट ऐकून ठेवलं असेल. स्वतःच्या खात्यावर तुकडीचं पदक जमा करणारा माणूस दुसरीच्या घराण्याची अडीचशे वर्षं एका विनोदात वजा करून मोकळा. नंतर माफी मागितली, निवडणूक हरले.

हे सगळं इथेच एवढं का चालतं? साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या ४६ जणांनी प्राण दिले आणि आजही घराघरातून पोरं पलटणीत जातात. अशा गावात पारावर बसून कुणी न केलेल्या लढाईची फुशारकी मारली तर शेजारचा म्हातारा तिथल्या तिथे पलटणीचं नाव आणि सुभेदाराचं नाव विचारील. अमेरिकेतही सक्तीची भरती होती तोवर साधारण हीच परिस्थिती होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काँग्रेसमधल्या दहापैकी सात-आठ सभासदांनी गणवेश घातलेला होता. १९७३ मध्ये सक्ती बंद झाली. आता ते प्रमाण पाचात एकापेक्षाही कमी आहे. मतदारांत तर माहीतगार त्याहून थोडे. दुसरीकडे सैनिकाचा मान वाढला. व्हिएतनामहून परतलेल्यांकडे कुणी धड बघायला तयार नव्हतं, १९९१ च्या आखाती युद्धापासून विमानतळावर गणवेशाला सगळे वाट करून देतात. मान भरपूर आणि पारख करणारे मोजके, मग बाजारात खोटा माल येणारच.

२०२२ मध्ये ओहायोत जे. आर. मायेव्स्की हा उमेदवार अफगाणिस्तानच्या युद्धातला म्हणून फिरत होता. असोसिएटेड प्रेसने कागद काढले तर गडी हवाई दलातर्फे सहा महिने कतारमध्ये विमानांत सामान चढवत होता. दोहाला राहणारी आपली मंडळी सांगतील, तिथल्या उन्हात सामान चढवणं हे काही कमी कष्टाचं काम नव्हे. पण त्यावर मतं मिळत नाहीत. तो पडला.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण दुसऱ्यांचीच उणीदुणी काढणं बरं दिसत नाही. वायटूकेच्या धामधुमीत मी या देशात आलो तेव्हा आमच्या कन्सल्टिंग कंपनीने माझ्या रेझ्युमेतली तीन वर्षं परस्पर पाच केली होती आणि 'टीम मेंबर'चा 'लीड' केला होता. क्लायंटच्या इंटरव्ह्यूत मी तो कागद पाहिला आणि गप्प बसलो. नोकरी लागली, काम जमलं, कुणी विचारलं नाही. पण त्या प्रोजेक्टवर खरोखर पाच वर्षं घासलेला एक सहकारी होता. मला लीड म्हणून त्याच्या वर बसवलं गेलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, आधी कुठे कुठे होतास? मी विषय बदलला. ते आठवलं की ब्लूमेंथालला हसताना माझा आवाज जरा खाली येतो.

खोटं बोलणं हा गुन्हा ठरवता येईल का, हाही प्रयोग इथे झाला. न मिळालेलं लष्करी पदक मिळालं म्हणून सांगणाऱ्याला तुरुंग, असा कायदा २००६ च्या डिसेंबरात झाला. त्यात सापडला कॅलिफोर्नियाच्या एका पाणीपुरवठा मंडळाचा निवडून आलेला सभासद, झेवियर अल्वारेझ. २००७ मध्ये मंडळाच्या बैठकीत ओळख करून देताना त्याने सांगितलं, मी पंचवीस वर्षं मरीन होतो, मला मेडल ऑफ ऑनर मिळालं आहे. हे तिथलं सर्वोच्च पदक, आपल्या परमवीर चक्रासारखं. गडी एक दिवसही सैन्यात नव्हता. आपण डेट्रॉइटच्या संघातून आइस हॉकी खेळल्याचंही तो सांगत असे. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २८ जून २०१२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी कायदाच रद्द झाला. (त्याच दिवशी ओबामाकेअरचा निकाल लागल्याने ही बातमी आतल्या पानावर गेली.) निव्वळ खोटं बोलणं हेसुद्धा घटनेने राखलेल्या भाषणस्वातंत्र्यात येतं, सरकारने पदकविजेत्यांची यादी सर्वांना बघता येईल अशी ठेवावी, असा न्यायमूर्ती केनेडींचा सूर होता. २०१३ मध्ये नवा कायदा आला. आता शिक्षा होते ती खोट्या पदकाच्या जोरावर पैसा, मालमत्ता किंवा तसाच काही ठोस लाभ उपटला तर.

यादी करणं दिसतं तितकं सोपं नाही. निवृत्तीचा दाखला म्हणजे 'डीडी-२१४' हा फॉर्म, त्यात कुठे होतास, काय मिळालं हे लिहिलेलं असतं. पण सेंट लुइसच्या दप्तरखान्याला १९७३ मध्ये आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यातले कित्येक खरे शूर पुढे आपलंच पदक सिद्ध करत बसले.

कागदावर बोट ठेवून शौर्य मोजताना काय होऊ शकतं, हेही सांगायला हवं. अ‍ॅडमिरल जेरेमी बूर्डा साध्या खलाशापासून चढत चढत अमेरिकन नौदलाच्या प्रमुखपदी पोचले, असे ते पहिलेच. व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत लढाऊ जहाजांवर ते खरोखर होते. त्या काळच्या दोन पदकांच्या फितींवर ते 'व्ही' अक्षराची छोटी पितळी खूण लावत. प्रत्यक्ष लढाईतल्या शौर्याची ती खूण. मानपत्रात तसा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून तिचा अधिकार त्यांना नाही, असा आक्षेप निघाला. त्यांचे जुने वरिष्ठ अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांचं म्हणणं होतं की त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती लावण्यात काही गैर नव्हतं.

१६ मे १९९६ ला दुपारी न्यूजवीकचे पत्रकार याबद्दल विचारायला येणार होते. बूर्डा जेवणाच्या वेळी घरी गेले आणि त्यांनी स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली. त्या दोन खुणा त्यांनी साधारण वर्षभरापूर्वीच काढून ठेवल्या होत्या.